एक्सपल्स २०० ४व्ही: नाव डाकारचे, काम काळ्या मातीचे

जूनचा पहिला दमदार पाऊस पडून दोन दिवस झाले की काळ्या मातीची पांदण कुठल्याही दुचाकीचा कस काढते. माती टायरला चिकटते, टायरसोबत फिरत मडगार्डखाली दाबली जाते आणि पन्नास-शंभर मीटरमध्ये चाक जागच्या जागी बसते. चाकच फिरत नाही तिथे इंजिनाची सगळी ताकद क्लच जाळण्यात जाते. विदर्भातल्या खेड्यात हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही ही मोटारसायकल घ्यावी का, असे कुणी विचारतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर हाच रस्ता असतो. आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: कंपनीचा संघ डाकार रॅलीत, म्हणजे वाळवंटातल्या त्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, दुसरा आला, म्हणजे गाडी दणकट असणारच ना?

आधी या दुसऱ्या प्रश्नाचे पाहू. हिरो मोटोस्पोर्ट्सचा संघ २०१६ मध्ये जर्मनीच्या स्पीडब्रेन कंपनीसोबत उभा राहिला आणि २०१७ मध्ये पहिल्यांदा डाकारमध्ये उतरला. २०२२ मध्ये ज्वाकिम रॉड्रिग्जने एक टप्पा जिंकला. २०२४ मध्ये बोत्सवानाचा रॉस ब्रांच एकूण क्रमवारीत दुसरा आला आणि त्याच वर्षी रॅली-रेडचे, म्हणजे अशा लांब पल्ल्याच्या शर्यतींचे, जागतिक अजिंक्यपदही त्याने मिळवले. आपल्या देशातल्या कंपनीने आठ वर्षांत एवढी मजल मारली, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण ब्रांचच्या हाताखालची गाडी ४५० सीसीची, खास रॅलीसाठी बांधलेली. शोरूममधली एक्सपल्स १९९.६ सीसीची. इंजिन, चासी, सस्पेन्शन सगळेच वेगळे.

शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्याला हे जास्त सांगायला नको. पटाच्या बैलाचा खुराक वेगळा, मालीश वेगळी, आणि त्याची सगळी मेहनत काही सेकंदांच्या धावेसाठी. त्याला कुणी वखराला जुंपत नाही. कंपनीच्या संघाची गाडी म्हणजे पटाचा बैल. डाकारमध्ये मुक्कामाला गाडी आली की मेकॅनिक ती रात्रीतून उघडतात, एअर फिल्टर, ऑइल, टायर, घासलेले भाग बदलतात आणि सकाळी ती पुन्हा नव्यासारखी उभी असते. मॅरेथॉन टप्प्यात मेकॅनिकला हात लावायची परवानगी नसते, तेव्हा स्वाराला स्वतःच पाना घेऊन बसावे लागते. आपल्यासाठी शिकण्यासारखा भाग खरे तर हा आहे.

मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या बंद ट्रॅकवरच्या शर्यतींत, तर आणखी टोकाचा प्रकार. तिथली शर्यत ३० मिनिटे अधिक २ फेऱ्यांची, दिवसाला अशा दोन. कावासाकी केएक्स२५० सारखी गाडी एकशेदहा किलोच्या आसपास, सस्पेन्शनची हालचाल सुमारे ३०० मिमी, आणि देखभाल किलोमीटरवर नाही तर तासांवर. ठरावीक तास झाले की पिस्टन बदलायचा, मग तो बिघडलेला असो वा नसो. पिस्टन तिथे ब्रेकपॅडसारखा, झिजण्यासाठीच असलेला भाग. भारतात केएक्स२५०, केटीएम ४५० एसएक्स-एफ अशा गाड्या विक्रीला आल्या आहेत, पण त्यांची आरटीओत नोंदणी होत नाही. ना हेडलाइट, ना इंडिकेटर, ना नंबरप्लेट. व्हिडिओ पाहून वावरात जायला अशी गाडी घ्यायचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या.

मग संघांचा आपल्याला उपयोग काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय मोटोक्रॉसमध्ये १९८६ पासून असा नियम आहे की शर्यतीची गाडी बाजारात विकल्या जाणाऱ्या गाडीवरच बेतलेली पाहिजे. त्यामुळे संघाला फ्रेममध्ये किंवा क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या कवचात) कच्चेपणा दिसला तर तो पुढच्या वर्षीच्या विक्रीच्या मॉडेलमध्येच सुधारावा लागतो. जागतिक स्पर्धेत मात्र प्रोटोटाइप, म्हणजे विक्रीला नसलेल्या खास गाड्या, चालतात, तिथला फायदा गिऱ्हाइकापर्यंत यायला वेळ लागतो. एक्सपल्सच्या बाबतीत संघाच्या कामाची सर्वांत जवळची वस्तू म्हणजे रॅली किट: पुढे २५० मिमी आणि मागे २२० मिमी हालचालीचे, पूर्ण समायोजित होणारे सस्पेन्शन. माल उत्तम आहे. पण सीट ८९० मिमीच्या आसपास जाते, आणि मागे खताची गोणी बांधून चिखलात एक पाय टेकवायचा असेल तर ती उंची मोठी अडचण ठरते. शेतीच्या कामासाठी साधी गाडीच बरी.

आता साध्या ४व्हीबद्दल. ताकद १९.१ पीएस, टॉर्क १७.३५ एनएम, पाच गिअर, ऑइल कूलर. वजन सुमारे १५८ किलो, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी, सीट सुमारे ८२५ मिमी, टाकी १३ लिटर. पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची तारांचे चाक, पुढच्या फोर्कची हालचाल १९० मिमी, मागे १७०. कागदावर ताकद फार नाही, पण पांदणीला ताकद लागत नाही. तिथे लागते ते मोठे पुढचे चाक. बैलगाडीच्या चाकोरीतून बाहेर काढताना २१ इंची चाक चढून जाते, १७ इंची घसरून परत चाकोरीत पडते. हा फरक पहिल्याच दिवशी हँडलला जाणवतो. गिट्टी उखडलेल्या रस्त्यावर तासाला चाळीसच्या वेगाने हात न दुखता जाता येते. हायवेवर नव्वदच्या पुढे मात्र इंजिन ओढून ताणून चालते. नागपूर-अमरावती रोजचे असेल तर ही गाडी तुमची नाही.

टिकण्याचा प्रश्न इथून सुरू होतो, आणि त्यात सगळ्यांत जास्त फसवतो तो मीटर. समजा सर्व्हिस ३,००० किलोमीटरला सांगितली आहे. डांबरी रस्त्यावर सरासरी ताशी ४० धरली तर हे इंजिनाचे ७५ तास झाले. पांदणीत, धुऱ्याकाठी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरासरी ताशी १२ सुद्धा मिळत नाही. तेच ७५ तास तिथे ९०० किलोमीटरमध्येच होतात, आणि तेही धुळीत, गरम इंजिनावर, अर्धा क्लच दाबून. मीटर ९०० दाखवतो म्हणून मालक निश्चिंत असतो आणि ऑइल आतून काळे होऊन पातळ झालेले असते. संघ तासांत का मोजतात ते इथे कळते. प्लगच्या वायरला गुंडाळायचा, इंजिनाचे तास मोजणारा अवरमीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो लावा. शेतकामाच्या गाडीला ऑइल ४० ते ५० तासांनी, एअर फिल्टर रोवणी-पेरणीच्या दिवसांत आठवड्याला आणि उन्हाळ्यात दर चार-पाच दिवसांनी पाहायचा, असा नेम ठेवला तर हे इंजिन मुकाट्याने वर्षानुवर्षे चालते. ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमधलाच घ्या. क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे कारचे ऑइल टाकले तर प्लेटा घसरू लागतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमधल्या क्लचला चालणाऱ्या दुचाकी ऑइलची खूण) लिहिलेले पाहा.

एअर फिल्टरवर जास्तच बोलायला हवे, कारण इंजिन मरते ते बहुतेक धुळीने. मार्च ते मे मध्ये ट्रॅक्टरच्या मागे चालणारी गाडी पिठासारखी बारीक धूळ ओढते. फिल्टर कागदी असेल तर तो हवा मारून किंवा पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. कागदाची भोके मोठी होतात आणि त्यावरचे तेल निघून जाते, म्हणून बदलणेच बरे. फोमचा लावला असेल तर रॉकेलमध्ये धुवा, पिळू नका, दाबून काढा, सावलीत वाळवा, फिल्टर ऑइल सगळीकडे सारखे लावा आणि कडेला ग्रीसची बारीक रेघ द्या. तपासायची खूण सोपी: फिल्टर काढला की इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या आत पांढरे फडके फिरवा. फडक्यावर किरकिरी लागली तर धूळ आत जात आहे. तिकडे दुर्लक्ष केले की आधी ऑइल कमी होऊ लागते, मग निळा धूर, मग बोअर-पिस्टन.

चिखलाचा इलाज मात्र गाडीत कमी आणि चालवणाऱ्यात जास्त. टायरची हवा पुढे-मागे १८ ते २० पीएसआयवर आणा. त्याखाली गेलात तर ट्यूब रिंगमध्ये चिमटते, किंवा टायर रिंगवर सरकून ट्यूबचा वॉल्व्ह उपटतो. डांबरी लागली की पुन्हा २५-२८ करा. चाक जाम वाटले की ताबडतोब उतरून काडीने माती काढा. रेस करत राहाल तर क्लचचा जळका वास येईल, आणि तो वास म्हणजे प्लेटांचे आयुष्यच उडून जात आहे. क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मिमी मोकळीक हवी. ती नसेल तर क्लच न दाबताही थोडा घसरत राहतो. आणि घरी आल्यावर ऑइल कूलरच्या पट्ट्यांमधली माती नरम ब्रशने काढा. नवतप्यात पारा ४५-४६ वर असताना चिखल वाळून बसलेला कूलर म्हणजे तोंड बांधलेला बैल.

चेन इथे लवकर जाते, आणि बहुतेकदा ती घट्ट ठेवल्याने जाते. गाडी नुसती उभी असताना चेन नीट वाटते, पण कुणी बसले आणि मागचे चाक वर गेले की ती आवळते. स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा) बोल्ट, मागचा एक्सल आणि पुढचे स्प्रॉकेट एका रेषेत येतात तिथे ती सगळ्यांत घट्ट असते. दोन जणांना मागे बसवून ती रेषा आणा, आणि त्या वेळीही बोटाने थोडी हलली पाहिजे. नाही तर भार थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर पडतो. बदलताना चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट मिळून पूर्ण किट टाका. जुन्या दातांवर नवी चेन फार टिकत नाही.

तारांच्या चाकात कटकट आहे, हे घेण्याआधीच मान्य करा. नव्या गाडीच्या तारा पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये बसतात, तेव्हाच एकदा सगळ्या तपासून घ्या. पान्याने हलकेच टकटक केले की घट्ट तार टणकन वाजते, सैल असलेली भद्द. एखादी सैल राहिली की शेजारच्या तारांवर ओझे येते आणि रिंगला आऊट पडते, म्हणजे ती वाकडी फिरू लागते. आऊट काढणारा चांगला कारागीर तालुक्याला असतोच, पण चाक त्याच्याकडे वेळेत न्यायला हवे.

पंक्चरचा विचार वेगळा करावा लागतो. कापूस उपटल्यावर वावरात राहिलेले पऱ्हाटीचे खुंट आणि बाभळीचे काटे ट्यूब सोडत नाहीत. गावातल्या पंक्चरच्या दुकानात १७ आणि १८ इंची ट्यूब असते, २१ इंची क्वचित. म्हणून सीटखाली किंवा पिशवीत एक २१ इंची ट्यूब, दोन टायरच्या पट्ट्या आणि हातपंप ठेवायचाच. नड पडली तर २१ ची ट्यूब दुमडून १८ च्या चाकात बसते आणि घरापर्यंत आणते. उलटे जमत नाही.

कोनसेट (हँडल फिरते ती बेअरिंग) आणि चाकांची बेअरिंग मारतो तो वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप. पाण्याचा जोर सीलमागचे ग्रीस धुऊन काढतो, आत पाणी राहते आणि चार महिन्यांत हँडल मध्यावर अडकल्यासारखे वाटू लागते. तपासायला पुढचे चाक उचला, फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवा. टक् असे जाणवले तर सैल आहे. हँडल हळू फिरवताना खड्ड्यात बसल्यासारखे वाटले तर बेअरिंग गेले, आवळून उपयोग नाही. घरच्या बादलीने आणि स्पंजने धुवा. फोर्कच्या नळ्यांवरचा चिखल वाळण्याआधी पुसा, कारण वाळलेला कण सीलच्या ओठाला चिरतो आणि दुसऱ्या दिवशी ऑइल गळते.

लिक्विड कूलिंगची, २४.६ पीएसची, सहा गिअरची एक्सपल्स २१० जानेवारी २०२५ मध्ये आली आहे. डांबरी रस्त्यावर ती सरस आहे. पण रेडिएटर, कूलंट, पंखा असे आणखी भाग सांभाळावे लागतात आणि वजन सुमारे दहा किलोने वाढले आहे. फक्त शेत ते गाव असे काम असेल तर आमचे मत २०० च्या बाजूने. आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे असेल तर २१०.

जुनी २०० घेत असाल तर मीटर पाहू नका. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवले असेल तर काही तरी लपवले आहे. मागून धूर पाहा, फिल्टरच्या नळीत फडके फिरवा, मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर किटचे पैसे किमतीतून कापा. दोन्ही चाके फिरवून रिंगची आऊट बघा. शेवटी गाडीखाली वाकून इंजिनाखालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॅशप्लेटवरचे ओरखडे मोजा. पुढून मागे गेलेले ओरखडे म्हणजे दगडावरून घासत गेलेली गाडी, त्यात वावगे काही नाही. पण प्लेट आत दबून इंजिनाला टेकली असेल, तर ड्रेन बोल्टच्या आसपास हात फिरवून बोटांना ऑइल लागते का ते नक्की पाहा.