क्रिएटिन: मोनोहायड्रेट घ्यायचं की एचसीएल?

क्रिएटिन म्हणजे जोराच्या व्यायामात स्नायूंना ऊर्जा मिळायला मदत करणारा पदार्थ. त्याची पावडर मोनोहायड्रेट (थोडक्यात मोनो) घ्यायची की एचसीएल, म्हणजे हायड्रोक्लोराइड, हे जिममधली नवीन पोरं सारखं विचारतात, तर माझं मत आधीच सांगतो, मोनोहायड्रेट घ्या.

एचसीएलवाले म्हणतात ते पाण्यात पटकन विरघळतं, आणि ते खरंय. मोनो साध्या पाण्यात लिटरला जेमतेम 14 ग्रॅम विरघळतं, त्यामुळे ग्लासभर पाण्यात 5 ग्रॅम टाकलं की तळाला रेती बसणारच. पण ढवळून ती रेतीही पिऊन टाकली की झालं ना, मोनो पोटात गेल्यावर जवळजवळ सगळंच शोषलं जातं, मग एचसीएल त्याच्यापेक्षा जास्त शोषलं जाऊन जाऊन जाणार किती?

खरी गंमत डोसमधे आहे. एचसीएलचा स्कूप बऱ्याचदा पाऊण ग्रॅमचा असतो आणि त्यात क्रिएटिन साधारण 78 टक्के, म्हणजे हातात पडलं 0.6 ग्रॅमच्या आसपास. मोनोत 88 टक्के, 3 ग्रॅम घेतलं तरी 2.6 ग्रॅम. सत्तरेक किलोच्या माणसाच्या अंगातलं रोज 2 ग्रॅमच्या आसपास क्रिएटिन क्रिएटिनिन (त्याचाच टाकाऊ पदार्थ) होऊन लघवीतून जातं, ती तूट निम्मी शरीर स्वतः भरून काढतं आणि निम्मी मटण-मासळीतून भरते, आता वरणभातवाल्याने सांगावं 0.6 ने काय भरणार. (माल कारखान्यात सार्कोसिन आणि सायनामाइडपासून बनतो, त्यामुळे पावडर घेताना शाकाहारींना प्रॉब्लेम नाही. कॅप्सूल असेल तर कव्हर जिलेटिनचं आहे का तेवढं बघा.)

लोडिंगची, म्हणजे सुरुवातीला काही दिवस मोठा डोस घेण्याचीही घाई नको. 1996 मधे हल्टमन वगैरे संशोधकांनी दाखवलं की रोज 3 ग्रॅमने महिनाभरात स्नायू क्रिएटिनने तेवढेच भरतात जेवढे रोज 20 ग्रॅमने सहा दिवसांत.

मग पैसे कुठे घालायचे? शुद्धतेत. बनवताना नीट साफ केलं नाही तर डायसायनडायअमाइड, डायहायड्रोट्रायझीन असली घाण मागे राहते, म्हणून त्या बॅचचा लॅब रिपोर्ट मागा, त्यात ही दोन नावं, क्रिएटिनिन आणि शिसं-पारा बघा. जर्मनीच्या आल्झकेम कंपनीचा क्रिएप्युअर हा ब्रँड यासाठीच महाग असतो. डब्यावरचा एफएसएसएआय नंबर हा लायसन्सचा असतो हो, तुमच्या हातातली बॅच तपासल्याचा नाही!

मोनोने पोट फुगत असेल तर आधी डोस दोनदा विभागून बघा, तरी जमलं नाही तर एचसीएल घ्या, पण मग पाऊण ग्रॅमवर थांबू नका, मोनोइतकंच क्रिएटिन मिळेल एवढे ग्रॅम घ्या. आणि किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही नको. तसंही क्रिएटिन चालू असताना रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीत हेच बघतात) थोडं वाढलेलं दिसू शकतं, तर रिपोर्ट दाखवताना पावडर चालू आहे हे सांगा, नाहीतर डॉक्टर उगाच भलत्या दिशेने शोधत बसतील.