जुन्या ओम्नीची कॅम्पर: एक पावसाळा, एक थंडी आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

गाडी मारुती ओम्नी, पेट्रोल, पाच सीटर, २००९ ची. सासऱ्यांनी दुकानासाठी घेतलेली, नंतर आमच्याकडे आली. आम्ही दोघं कोल्हापूरचे. त्यामुळे गगनबावडा, करूळ घाट, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही आमची नेहमीची वाट, आणि उन्हाळ्यात पंढरपूर-सोलापूरकडे. गाडीचं जवळजवळ सगळं काम घरी केलं. वेल्डिंग आणि टायमिंग बेल्ट तेवढे उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडून करून घेतले.

कॅम्पर, म्हणजे झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, करायची म्हटलं की लोक आधी पलंग करतात, मग कपाटं, मग भिंतींना लाकडी पॅनेल, मग दिवे. पत्रा आणि रबर सगळ्यात शेवटी, तेही जमलं तर. आपल्या पावसासाठी हा क्रम उलटा लावायला हवा, आणि हे सगळं लिहितोय ते मुख्यतः त्यासाठीच. बाहेरच्या देशांतल्या व्हिडिओंमध्ये भिंतीत थर्माकोल किंवा लोकर भरून वर पॅनेल मारतात, ते तिथल्या थंडीसाठी. गगनबावड्यात जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. शिवाय बंद गाडीत दोन माणसं झोपली की रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी श्वासातूनच हवेत जातं. ते गार पत्र्यावर जमतं. पॅनेलच्या मागे जमलं तर वाळायला वारा नाही आणि पुसायला हात पोचत नाही. म्हणून आम्ही एकच नियम ठेवला: ज्याच्या मागचा पत्रा हाताला लागत नाही, असं काहीही गाडीत बसवायचं नाही. बाजूचा पत्रा उघडाच आहे. छताला कंपनीचं कापड आहे तेच.

पहिले काही आठवडे फक्त पत्र्यावर गेले. पायदानं, सरकत्या दरवाजांच्या खालच्या पट्ट्या, मागच्या चाकांच्या कमानी, स्टेपनीची जागा, आणि मागच्या दाराच्या काचेचं बीडिंग, म्हणजे काचेभोवतीची रबरी पट्टी. ओम्नी गंजते ती बहुतेक इथूनच. सैल गंज वायर ब्रशने काढायचा, उरलेल्यावर रस्ट कन्व्हर्टर (गंजाला निष्क्रिय करणारं द्रावण), मग इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना पीयू (पॉलियुरेथेन) सिलंट आणि वर रंग. सिलिकॉन स्वस्त पडतं, पण त्यावर रंग धरत नाही आणि पत्र्यावरून कडेकडेने सुटतं, म्हणून ते अजिबात वापरू नका. दरवाजांच्या तळाशी पाणी निघायला भोकं असतात. ती मातीने बुजतात आणि दार आतून सडतं. एक जाड तार घेऊन ती मोकळी करा. पैसा लागत नाही, आणि पूर्ण कामातलं सगळ्यात मोलाचं काम मी यालाच म्हणेन. एका पावसाळ्यानंतर पायदानं कोरडी आहेत. मागच्या काचेच्या एका कोपऱ्यात अजून थेंब येतो, ते बीडिंग या वर्षी पुन्हा बदलणार.

इंजिनबद्दल थोडक्यात. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पुढच्या सीटखाली. सीट उचलली की प्लग, एअर फिल्टर, बेल्ट समोर. घरी काम करणाऱ्याला याहून सोयीची गाडी क्वचित मिळेल. टायमिंग बेल्ट कधी बदललाय याची नोंद नव्हती, म्हणून तो पहिला बदलला. बरोबरच वॉटर पंप, सगळे होज पाइप आणि कूलंट. प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसमध्ये, म्हणजे सांध्यात, खेळ आहे का ते हाताने हलवून बघायचं. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचंच, कारण ते हवेतली ओल धरतं. सामानाने भरलेली ओम्नी करूळ घाट उतरत असताना हे ऑइल तापून त्यातल्या पाण्याची वाफ झाली तर पेडल थेट खाली जातं. घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्येच उतरतो. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचायला शिका: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. वर नक्षी भरपूर दिसत असली तरी टायर म्हातारा असू शकतो.

इंजिन माणसांच्या खालीच असल्याने एक गोष्ट बजावून सांगतो. सायलेन्सरचा सांधा किंवा मॅनिफोल्डचं गॅसकेट गळत असेल तर धूर आत येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, कितीही उकडलं तरी. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाशी लावलाय. आत स्वयंपाकही करत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचून राहतो, आणि आपण झोपतो तिथेच. मागचं दार वर उघडतं, त्यालाच ताडपत्री बांधून खाली शेगडी मांडतो. पावसातही पिठलं-भात निवांत होतो.

आता झोपण्याची सोय. गाडीची रुंदी १,४१० मिलिमीटर, म्हणजे आडवं झोपणं मोठ्या माणसाला शक्य नाही, लांबीतच झोपावं लागतं. मागची सीट दुमडून तिच्यावर तीन तुकड्यांची फळी बसते. उंच माणसाला पाय दुमडावेच लागतील, हे आधी मोजून घ्या. प्लाय आयएस ७१० चा (पाण्यात टिकणारा मरीन प्लाय), १२ एमएम. पूर्ण आठ-बाय-चारचा तुकडा वीस किलोच्या वर जातो, म्हणून फळीला मोठी गोल भोकं पाडली. वजनही कमी झालं आणि गादीला खालून हवा मिळायला लागली. फोमच्या गादीखाली हवा नसेल तर आठवडाभरात बुरशी येते. कापलेल्या कडांना दोन हात प्रायमर दिला, कारण प्लाय ओल कडेनेच पितो. सामान भरून, पाणी घेऊन, आम्ही दोघं बसून वजनकाट्यावर गाडी नेली आणि भरल्या गाडीसाठी कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडून बघितली. हे प्रत्येकाने करावं. पाण्याचा एक कॅन म्हणजे २० किलो, आणि मागच्या पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) तो लगेच कळतो.

फळी नट-बोल्टवर नाही, पट्ट्यांवर आहे. पाच मिनिटांत निघते. यामागे कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सीट कायमच्या काढणं, छत कापून उंच करणं, यात फिटनेसच्या वेळी आणि विम्याच्या दाव्याच्या वेळीही अडचण येते. २०२४ मध्ये १५ वर्षं पूर्ण झाल्यावर आमची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, तेव्हा गाडी जशी कंपनीतून आली तशीच उभी केली होती. १ एप्रिल २०२२ पासून त्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालं, वर पर्यावरण कर वेगळा. जुनी गाडी घेताना हा खर्च हिशेबात धरा.

वीज हा भाग लोक सगळ्यात जास्त विचारतात. १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे, मागच्या सीटच्या पाठीमागे. पुढच्या सीटखाली जागा दिसते, पण तिथे इंजिनची धग असते आणि उष्णता या बॅटरीचं आयुष्य खाते. गाडीच्या अल्टरनेटरला (इंजिनवर चालणाऱ्या जनित्राला) ती नुसत्या रिलेने, म्हणजे साध्या विद्युत स्विचने, जोडू नका. ही बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते आणि छोटा अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर आहे, तो मर्यादा ठेवतो. पुढून मागे दहा स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ फ्यूज. अर्थिंगचे लग क्रिम्प करून, रंग खरवडून, वर ग्रीस लावून बसवले. जुन्या गाडीत दिवे मंद होणं, हॉर्न दबका येणं, यामागे बहुतेकदा अर्थिंगच निघतं. लिथियमचं व्होल्टेज बराच वेळ १३ च्या आसपास स्थिर राहतं, त्यामुळे नुसत्या व्होल्टमीटरवरून किती शिल्लक ते समजत नाही. बॅटरीत किती करंट गेला-आला ते मोजणारा शंटवाला मीटर घ्या.

छताच्या पन्हाळीला धरणारा कॅरिअर लावला, म्हणजे छताला एकही भोक नाही. त्यावर १०० वॉटचं काचेचं सोलर पॅनेल. छताला चिकटवायचं लवचिक पॅनेल हलकं असतं, पण ते स्वतः तापतं आणि पत्राही तापवतं. कॅरिअरवरच्या पॅनेलखालून वारा जातो, वर छताला सावली मिळते. सोलापूरच्या मे महिन्यात हा फरक हात लावून समजतो. पावसाळ्यात मात्र पॅनेलवर विसंबू नका. दाट ढगांत उन्हाच्या पाव हिश्शाइतकीही वीज मिळत नाही, सगळी भिस्त गाडी चालवण्यावर.

फ्रिज १८ लिटरचा, कॉम्प्रेसरवाला, चालताना ४५ वॉटच्या आसपास घेतो. थंडीत अधूनमधून चालतो, मे महिन्यात जवळजवळ थांबतच नाही. आमच्याबरोबर इन्सुलिन असतं आणि न उघडलेल्या पेनांना २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं, म्हणून आम्हाला तो हवाच. ही गरज नसेल तर दोन-तीन दिवसांसाठी बर्फाचा चांगला डबा पुरे. वाचलेले पैसे टायरमध्ये घाला.

खिडक्यांच्या जाळ्या बायकोने शिवल्या, कडेला चुंबकपट्टी. मी आणलेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा झोप त्यांनीच जास्त दिली. सरकत्या काचा अर्ध्या उघड्या, एक छोटा बारा व्होल्टचा पंखा हवा बाहेर फेकायला, आणि काचांवर पाऊस आत येऊ नये म्हणून बाहेरून रेनगार्ड. असं केलं की श्रावणातसुद्धा सकाळी काचा पुसाव्या लागत नाहीत.

किनाऱ्यावरून आल्यावर त्याच दिवशी गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवायचं, पाटे आणि ब्रेकच्या पाइपांसकट. मालवणजवळच्या तोंडवलीच्या वाळूत उभी केलेली गाडी दोन दिवस तशीच ठेवली तर नटांवर लाल पावडर दिसायला लागते. पुढच्या पावसाळ्याआधी मागच्या पाट्यांचे बुश, काचेचं ते बीडिंग आणि खालून पुन्हा एक हात अंडरकोट, एवढं काम बाकी आहे.