टोबॅको डॉकमधील टॅटू कन्व्हेन्शन आणि तेथे निवडलेला हात: पाच वर्षांनंतरचे परीक्षण

हे परीक्षण मी जाणूनबुजून उशिरा लिहीत आहे. लंडनच्या वॉपिंग भागातील टोबॅको डॉक येथे सप्टेंबर २०१९च्या अखेरीस तीन दिवस भरलेल्या आंतरराष्ट्रीय टॅटू कन्व्हेन्शनला मी गेले होते. तेथे काम पाहून निवडलेल्या एका टॅटू आर्टिस्टकडून मी जानेवारी २०२० मध्ये डाव्या हातावर, मनगटाच्या वर आतल्या बाजूस, तुळशीवृंदावन गोंदवून घेतले. हॉटेलविषयी जेवून उठल्याबरोबर लिहिता येते. टॅटू मात्र पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येकाचाच देखणा दिसतो, आणि त्याची खरी परीक्षा उन्हातान्हात, साबणपाण्यात काही वर्षे निघाल्यावर होते. माझ्या हातावरील काम आता पाच वर्षे ओलांडून गेले आहे, तेव्हा त्याविषयी बोलायला हरकत नसावी.

आधी जागेविषयी थोडे. टोबॅको डॉक ही १८११च्या सुमारास बांधलेली वखार आहे. बोटींतून आलेली तंबाखू येथे साठवली जात असे, खालच्या कमानदार तळघरांत दारूची पिंपे असत, आणि पुढे येथे जनावरांची कातडी ठेवली जाऊ लागल्यामुळे इमारतीच्या एका भागाला ‘स्किन फ्लोअर’ असे नाव पडले. कातडीच्या वखारीत कातडीवरील कलेचे संमेलन भरावे, हा योगायोग आयोजकांच्या ध्यानात आला होता की नाही, कोण जाणे. आवारात एका लहान मुलापुढे उभ्या असलेल्या वाघाचा पुतळा आहे. १८५७ साली जवळच्याच रस्त्यावरील जॅमरॅक नावाच्या प्राणी-व्यापाऱ्याचा वाघ सुटला, त्याने एका मुलाला तोंडात धरून नेले आणि जॅमरॅकने त्या मुलाला सोडवले, त्या प्रसंगाचे ते स्मारक आहे. आत जाताना तो पाहिला आणि बाहेर पडेपर्यंत त्याच्यासारखे निदान शंभर वाघ लोकांच्या पाठींवर पाहिले.

या कन्व्हेन्शनची सुरुवात २००५ साली झाली आणि जगभरातून सुमारे चारशे आर्टिस्ट तेथे येत असत. लोखंडी खांबांच्या आणि विटांच्या कमानींच्या त्या लहान लहान दालनांत प्रत्येकाने आपली खुर्ची, दिवा आणि तयार नक्षांचे कागद मांडलेले होते. यंत्रांची घरघर एकमेकींत मिसळून सगळ्या इमारतीला जणू एकच मोठे पोळे लागल्यासारखे वाटत होते. विजेवर चालणाऱ्या या यंत्रांचे लंडनशी नाते जुने आहे. जर्मिन स्ट्रीटवरील हमामखान्यात बसून श्रीमंत गिऱ्हाइकांना गोंदणाऱ्या सदरलँड मॅक्डोनाल्ड यांनी १८९४ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले होते. परंतु त्या घरघरीच्या मधून मधून पूर्ण शांत असे कोपरेही होते. कुठे जपानी पद्धतीने लांब दांड्याच्या सुयांनी हाताने टोचले जात होते, तर कुठे सामोआकडील पद्धतीने एका काठीवर दुसरी काठी ठोकून दाते कातडीत उतरवले जात होते. कातडी ताणून धरायला दोन माणसे बसलेली, टोचणारा मान वर न करता ठोकत असलेला आणि टोचून घेणारा छताकडे पाहत पडलेला. एका दिवसाचे तिकीट केवळ एवढ्यासाठी काढले असते, तरी मला ते महाग वाटले नसते.

आपल्याकडे साहित्य संमेलनाला जाणारे पुष्कळ लोक भाषणांसाठी नव्हे तर ग्रंथप्रदर्शनासाठी जातात, तसेच टॅटू कन्व्हेन्शनला टॅटू करून घेण्यासाठी नव्हे तर आर्टिस्ट निवडण्यासाठी जावे, असे माझे या अनुभवानंतर ठाम मत झाले आहे. येथे रोज संध्याकाळी स्पर्धा असत, त्या दिवशी केलेले उत्तम काम म्हणून बक्षिसे दिली जात, आणि व्यासपीठावर सूज न उतरलेले, तासाभरापूर्वीचे काम दाखवले जाई. आर्टिस्टचा हात किती सफाईदार आहे हे त्यातून कळते. ते काम अंगावर कसे टिकेल, हे मात्र त्या दिव्यांखाली कोणालाच सांगता येत नाही.

मला काय हवे होते, ते सांगितल्याशिवाय पुढचे नीट समजणार नाही. माझी आजी कराडकडची. लग्नाआधी, पालच्या खंडोबाच्या यात्रेत, एका गोंदणाऱ्या बाईकडून तिने हातावर तुळशीवृंदावन गोंदवून घेतले होते: खाली पायऱ्या, मध्ये चौथरा, वर तुळशीच्या तीन फांद्या, आणि सगळ्याच्या भोवती ठिपक्यांची ओळ. माझ्या आठवणीतल्या आजीच्या हातावर त्यातील रेषा पसरून हिरवट निळा डाग तेवढा राहिला होता आणि तो तुळशीवृंदावनाचा आहे हे तिने सांगावे लागे. सुदैवाने माझ्या आत्याने त्याच बाईकडून, लहानपणी, तेच गोंदण करून घेतलेले आहे. मी लंडनहून फोन केला तेव्हा तिने आधी ‘नोकरीवरून काढून टाकतील हो तुला’ असे ऐकवले आणि मग आपल्या हाताचा फोटो पाठवला. तो फोटो घेऊन मी शनिवारी सकाळी दारात हजर झाले.

पहिली चूक मी तासाभरातच केली. एका स्टॉलवर अतिशय नाजूक, केसासारख्या बारीक रेषांचे काम पाहून मी भारावले. तेथील गृहस्थांनी फोटोकडे एक नजर टाकली, ‘चाळीस मिनिटांचे काम आहे, उद्या दुपारी जागा आहे’ म्हणून सांगितले आणि आगाऊ पन्नास पौंड घेतले. त्यांच्या भिंतीवरील एकही फोटो जुन्या कामाचा नव्हता, हे माझ्या लक्षात पैसे दिल्यानंतर आले. भरून आलेल्या कामाचे फोटो मागितले तेव्हा त्यांनी हातमोजे घातलेल्या हातानेच फोन उचलला, पुष्कळ शोधले, काही सापडले नाही, आणि त्याच हातमोज्यांनी ते पुन्हा समोरच्या गिऱ्हाइकाच्या पोटरीकडे वळले. मी पन्नास पौंडांवर पाणी सोडले. मोजे घालून फोनला हात लावणे आणि मोजे न बदलता पुन्हा टोचायला बसणे, एवढे एक लक्षण दिसले तरी काम कितीही सुंदर असो, तेथून निघावे.

त्यानंतर मात्र मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारत फिरले: तीन-चार वर्षांपूर्वीचे काम दाखवता का, आणि माझ्यासारख्या सावळ्या कातडीवरचे? या दोन अटींनी चारशेंची यादी चटकन आखडली. बहुतेक भिंतींवर गोऱ्या हातापायांचेच फोटो होते. टॅटूची शाई वरच्या थराच्या खाली, अंतस्त्वचेत बसते आणि आपला रंग देणारे द्रव्य तिच्यावरच्या थरात असते, म्हणजे सावळ्या माणसाच्या अंगावरील टॅटू हा रंगीत काचेतून पाहिल्यासारखा असतो. त्यातून काळा नीट दिसतो, पण पिवळा आणि फिकट गुलाबी हरवतात. ज्याने असे काम पुष्कळ केले आहे त्याला हे सांगावे लागत नाही, आणि ज्याने केलेले नाही तो ‘काही फरक पडत नाही’ असे म्हणतो. मला तसे तिघे भेटले.

आजीच्या गोंदणाचा डाग का झाला, याचेही उत्तर मला तेथेच मिळाले. शाईचे कण कातडीत आपण सोडू तसे नुसते पडून राहत नाहीत. बाहेरचा पदार्थ आला म्हणून शरीरातील भक्षक पेशी ते गिळतात. मार्से येथील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर दाखवून दिले की या पेशी मेल्या की शाई मोकळी होते आणि शेजारच्या नव्या पेशी ती पुन्हा गिळतात. शाई टिकते ती अशा हस्तांतरातून, आणि वर्षानुवर्षे रेषा थोडी थोडी रुंदावत जाते. दोन ठिपक्यांत जागा कमी ठेवली, तर काही वर्षांनी ते एकच होतात. चाळीस मिनिटांत केसासारखे बारीक वृंदावन काढून देणाऱ्या गृहस्थांनी मला वीस वर्षांनी आजीचा डाग हाती दिला असता.

मी ज्यांना निवडले, त्यांचा स्टॉल खालच्या मजल्यावर जिन्याच्या आड होता आणि तेथे गर्दी नव्हती. त्या केवळ ठिपक्यांचे काम करत, तेही यंत्राशिवाय, एकेक ठिपका हाताने टोचून. त्यांच्यापुढे एक वही होती आणि तिच्या प्रत्येक पानावर एकाच हाताचे दोन फोटो चिकटवलेले होते: एक काम झाले त्या दिवसाचा, दुसरा काही वर्षांनंतरचा, खाली दोन्ही महिन्यांची नोंद. काही पानांवर दुसरा फोटो पहिल्यापेक्षा स्पष्टपणे वाईट होता आणि तोही त्यांनी काढून टाकलेला नव्हता. तेवढी वही पाहूनच माझी निवड झाली होती, असे म्हटले तरी चालेल.

त्यांनी आत्याचा फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि विचारले की मला गोंदण केले त्या दिवशीचे हवे आहे, की आता हातावर दिसते तसे. हा प्रश्न मला तोपर्यंत सुचलाच नव्हता. मी पहिले म्हटल्यावर त्यांनी नियम केल्यासारखे सांगितले की त्या हे काम येथे करणार नाहीत: ठिपके फार जवळ आहेत, नक्षी निदान दीडपट मोठी करावी लागेल, आणि ते एका दुपारी गोंगाटात बसून ठरवण्यासारखे नाही. मग त्यांनी माझ्या दंडावरील बीसीजीच्या लसीचा वण पाहायला मागितला. सावळ्या कातडीत वण उचलून येण्याची प्रवृत्ती अधिक असते, आणि जुना वण पाहून तिचा थोडाफार अंदाज येतो. माझा वण सपाट होता. त्यांनी पत्ता दिला आणि आगाऊ रक्कम घेतली नाही.

स्टुडिओ लंडनबाहेर, रेल्वेने तासाभराच्या अंतरावर होता. इंग्लंडमध्ये स्थानिक प्रशासनाकडे नोंदणी वा परवाना असल्याशिवाय असा व्यवसाय करता येत नाही आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीला गोंदणे १९६९च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यांचे प्रमाणपत्र दारासमोरच लावलेले होते. सुया माझ्यासमोर पाकिटातून काढल्या, शाई लहान टोपणांत ओतली आणि उरलेली फेकली. कागदावरची नक्षी हातावर उमटवून त्यांनी मला आरशासमोर उभे केले, हात वळवायला लावला, आणि वृंदावन कोपराकडे कलते आहे असे दिसताच पुसून पुन्हा उमटवले. हे तीनदा झाले. टोचायला तीन तास लागले आणि २८० पौंड पडले. दुखण्याविषयी इतकेच सांगते की मनगटाजवळच्या पायऱ्यांनी मला रडवले आणि तुळशीच्या फांद्या मला जवळजवळ कळल्याच नाहीत.

नंतरची काळजी साधी होती: कोमट पाणी, वास नसलेला साबण, मलमाचा अगदी पातळ थर, तीन आठवडे पोहणे बंद, खपली ओढायची नाही. (भारतात रक्तदान करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की टॅटूनंतर वर्षभर रक्त घेतले जात नाही.) खपल्या गेल्यावर तीन ठिपके फिके पडलेले दिसले. हाताने टोचलेल्या कामात असे होतेच, म्हणून सहा महिन्यांच्या आत एकदा विनामूल्य दुरुस्ती करून देण्याचे त्यांनी आधीच कबूल केले होते. परंतु मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि इंग्लंडमधील टॅटूची दुकाने जुलैच्या मध्यावर उघडली. मी ऑगस्टमध्ये गेले तेव्हा मुदत उलटून गेली होती. त्यांनी तो विषय काढला नाही आणि तिन्ही ठिपके भरून दिले.

तक्रारी दोन आहेत. पत्रांना उत्तर यायला दोन-दोन आठवडे लागत. आणि काम चालू असताना त्या अजिबात बोलत नाहीत, त्यामुळे ज्यांना दुखण्यावरून लक्ष उडवायला गप्पा लागतात त्यांनी सोबत कोणाला तरी न्यावे. कामाबद्दल मात्र तक्रार नाही. ठिपके आज पहिल्या दिवसापेक्षा किंचित जाड आहेत, पण दोहोंमधली जागा मोकळी आहे आणि वृंदावन हे वृंदावनच दिसते.

गेल्या वेळी कराडला गेले तेव्हा आत्याने चष्मा लावून माझा हात आपल्या हाताशेजारी ठेवला, बोटाने एकेक ठिपका मोजला, आणि डावीकडच्या खालच्या पायरीशी एक ठिपका कमी असल्याचे जाहीर केले. तिने पाठवलेल्या फोटोत तो मनगटाच्या वळीत गेला होता. मी माझ्या आर्टिस्टबाईंना तसे कळवले. या वेळी उत्तर दुसऱ्याच दिवशी आले: येत्या हिवाळ्यात या, येताना आत्याच्या हाताचा नवा फोटो आणा, वळी ताणून धरलेला.