सागाच्या नावाखाली रंगवलेले लाकूड : वडोदऱ्यातील अनुभव

घरच्या घरी पट्ट्यांचा भक्कम पलंग बनवण्याचे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी लाकूड घेण्यापूर्वी हे जरूर वाचावे, कारण आमचा पलंग बिघडला तो जोडकामामुळे नव्हे, तर लाकडामुळे.

वडोदऱ्यातील एका लातीतून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून, मी पावसाळ्यात पाच फूट बाय साडेसहा फूट पलंगासाठी वाळवलेला साग घेतला. विक्रेत्याने फळ्या घासून गडद तपकिरी करून ठेवल्या होत्या आणि भावही पक्क्या सागाचाच लावला. उन्हाळा लागला तशा पट्ट्या वाकू लागल्या, कोपऱ्यांवरचे स्क्रू ढिले झाले आणि पलंगाखाली पिठासारखा बारीक भुसा पडू लागला. रावपुऱ्यातील ओळखीच्या मिस्त्रींनी एका पट्टीचे टोक कापून दाखवले, तेव्हा रंग केवळ वरवरचा असून आत फिकट पिवळसर लाकूड असल्याचे दिसले. लाकूड सागाचेच होते, पण सालीलगतच्या थराचे. सागाचा टिकाऊपणा त्याच्या तेलकट गाभ्यात असतो. बाहेरच्या थरात पिष्ट असल्यामुळे भुंग्याच्या अळ्या तो पोखरतात. शिवाय फळ्या ओल्याच विकल्या होत्या. वाळलेल्या सागाचे वजन घनफुटाला साधारण १८ ते २० किलो भरते. ओला असेल तर ते बरेच वाढते, म्हणून एखादी फळी वजनकाट्यावर ठेवून पाहण्याचा आग्रह धरावा आणि थिनरमध्ये बुडवलेला कापूस तिच्यावर घासून रंग सुटतो का तेही पाहावे.

मापातही लबाडी होती. लांबी फुटात, रुंदी व जाडी इंचात घेऊन गुणाकाराला १४४ ने भागले की घनफूट निघतात. साडेसहा फूट लांब, सहा इंच रुंद फळीची जाडी दीड इंच धरली तर ०.४१ घनफूट होतात. आमच्या फळ्या सव्वा इंचीच होत्या, म्हणजे प्रत्यक्षात ०.३४. रंध्यात थोडी घट होते हे मान्य, पण सौदा ठरताना त्याविषयी अवाक्षरही न काढता एक षष्ठांश लाकडाचे जास्तीचे पैसे घेणे ही उघड फसवणूकच आहे.

तक्रार घेऊन गेल्यावर विक्रेता म्हणाला, "साहेब, बिलात साग कुठे लिहिलाय?" खरोखरच तिथे त्याने फक्त ‘लाकूड’ एवढेच लिहिले होते. म्हणून लाकडाची जात, ते गाभ्याचे व वाळवलेले असल्याचा उल्लेख आणि रंध्यानंतरची जाडी हे सर्व पक्क्या बिलावर लिहून घ्यावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचे शुल्क लागत नाही. मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते.

भुसा पडणाऱ्या पट्ट्या मात्र निकालाची वाट न पाहता घराबाहेर काढाव्यात, कारण हा भुंगा बांबूच्या वस्तूंत आणि प्लायवुडमध्येही शिरतो. पुराव्यासाठी फोटो काढून एक कापलेला तुकडा घट्ट बंद पिशवीत ठेवला तरी चालतो.