गणपतीला गावी की पथकात? ठरवण्याआधी दोन्ही बाजू

कोकणात घर, पुण्यात नोकरी आणि ढोल-ताशा पथकात नाव, असं ज्यांचं आहे त्यांना जून संपायच्या आत एक निर्णय घ्यावा लागतो. गावाहून आईचा फोन येतो, "गणपतीक कधी येतलंस?" त्याच आठवड्यात पथकाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरावाची तारीख पडते आणि खाली एकेकाची नावं यायला लागतात. बहुतेक जण दोन्हीकडे 'हो' म्हणून मोकळे होतात आणि ऑगस्टमध्ये कुठेतरी शब्द फिरवतात. ज्यांच्याकडे फिरवतात त्यांच्या हातात तेव्हा दुसरी सोय करायला वेळ उरलेला नसतो. म्हणून हा विचार जूनमध्येच करायचा.

मी दोन्हीकडचा आहे. सिंधुदुर्गातल्या घरावर माझा जीव आहे आणि पथकातल्या मित्रांवरही. आईवडील की मित्र, असा प्रश्न कुणी टाकला की मला उत्तर सुचत नाही आणि ते शोधूही नये असं वाटतं. कोणत्या दिवशी कुठे माझ्या जागी दुसरं कुणी उभं राहू शकत नाही, एवढं मात्र नक्की शोधता येतं. खालची तुलना त्याच अंगाने केली आहे.

आधी पंचांग काढा

भांडण वाटतं तेवढं मोठं नसतं. कोकणातल्या घरांत कुणाचा गणपती दीड दिवसाचा, कुणाचा पाच दिवसांचा, कुणाचा गौरीबरोबर जाणारा, कुणाचा अनंत चतुर्दशीपर्यंतचा. काही घरांत तर एकवीस दिवसही असतो. पथकाचा मोठा दिवस म्हणजे अनंत चतुर्दशी. २०२५ सालचंच उदाहरण घ्या. चतुर्थी होती बुधवारी, २७ ऑगस्टला. गौरी आल्या ३१ ऑगस्टला, गेल्या २ सप्टेंबरला. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, शनिवारी. म्हणजे ज्यांचा गणपती गौरीबरोबर जातो, त्यांना विसर्जनानंतरचा दिवस आवराआवरीला देऊनही ४ तारखेला पुण्यात पोचता येत होतं आणि मिरवणुकीआधी एक रात्र नीट झोपही मिळत होती.

गौरींचं आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठावर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर होतं. त्यामुळे हे अंतर दर वर्षी थोडं सरकतं. घरात "सात दिवसांचा" म्हणतात म्हणून सातच दिवस धरू नका, त्या वर्षीच्या तारखा बघा.

मग खरा पेच उरतो दोनच ठिकाणी. पहिला चतुर्थीचा दिवस, कारण पुण्यात मंडळांच्या प्रतिष्ठापनेच्या मिरवणुका त्याच दिवशी निघतात. दुसरा म्हणजे अकरा दिवसांच्या गणपतीचं घर.

घरी हात लागतात

गावच्या गणपतीत आपण नुसतं "हजर राहायला" जातो, अशी शहरात वाढलेल्या मित्रांची समजूत असते. तसं ते नाही. मूर्तीचा पाट नागपंचमीच्या सुमाराला गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात पोचवलेला असतो, पण मूर्ती घरी आणायची कुणी? आमच्याकडे रस्ता घरापर्यंत येत नाही. शेवटचा तुकडा शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून चालायचा असतो, बाजूला भात पोटरीला आलेलं, पायाखाली चिखल, वरून पावसाची सर. मूर्ती डोक्यावर, तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद, आणि पुढे एक जण मेर कुठे खचली आहे ते सांगत जातो. ही मूर्ती शाडूची आणि जड असते. साठी ओलांडलेल्या वडिलांनी हे दर वर्षी करावं, असं कुणालाच वाटत नाही, पण मुलगा आला नाही तर ते करतातच.

मग माटवी. गणपतीच्या वर टांगायची ती लाकडी चौकट आंब्याच्या डहाळ्यांनी, नारळांनी, सुपारीच्या घडांनी आणि कवंडळं, कांगल्या अशा रानफळांनी भरायची. हे सगळं बाजारात मिळायला लागलंय खरं, पण रानातून आणायची घरं अजून आहेत आणि तिथे झाडावर चढणारा लागतो. संध्याकाळी वाडीतल्या प्रत्येक घरी आरती, रात्री भजन. प्रत्येक घरातून कुणीतरी दुसऱ्याच्या घरी गेलं तरच दुसरे आपल्याकडे येतात, हा वाडीचा हिशोब तरुणांच्या पायांवर चालतो. स्वयंपाकघरात आई, काकू आणि वहिनी उकड काढतात, मोदक वळतात, ऋषिपंचमीला ऋषीची भाजी करतात. मुलग्यांनी तिथे नारळ खवून दिले तरी पुष्कळ भार हलका होतो, आणि हे काम बायकांचं म्हणून बाजूला बसायचे दिवस आता गेले आहेत.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाळी. अनेक घरांत मूळ घरी एकच गणपती बसतो आणि भावाभावांत वर्षाची पाळी फिरते. ज्या वर्षी पाळी आपल्या घराची, त्या वर्षी येणाऱ्या-जाणाऱ्याचं सगळं आपल्यावर. ज्या वर्षी काकांची, त्या वर्षी आपण पाहुण्यासारखे दोन दिवस गेलो तरी कुणी बोट ठेवत नाही. निर्णयात याहून मोठा मुद्दा नाही, आणि आईशी फोनवर बोलताना आपण तोच विचारायचा राहतो.

पथकही हातच मागतं, पण वेगळ्या प्रकारे

पुण्यात पथकांची परंपरा ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, नूमवि अशा शाळांतून रुजली आणि वाढली. त्यामुळे पथक म्हणजे बऱ्याच जणांसाठी शाळा-कॉलेजपासूनचे मित्र. नोकरीसाठी एकट्याने पुण्यात आलेल्या कोकणातल्या मुलाला तर हेच पहिलं घर मिळालेलं असतं. ताप आला तर डबा आणणारे हेच, भाड्याची खोली शोधून देणारेही हेच. म्हणून पथकाला नुसती हौस समजणाऱ्या घरच्यांनाही हे एकदा नीट सांगायला हवं.

सराव दीड-दोन महिने आधी सुरू होतो, ऑफिस सुटल्यावर, नदीकाठी नाहीतर एखाद्या मैदानावर. बऱ्याच पथकांत सरावाची हजेरी धरूनच विसर्जनाच्या मिरवणुकीत कोण वाजवणार ते ठरतं. मिरवणूक २४ तासांच्या पुढे जाते. कमरेला ढोल बांधून लक्ष्मी रस्त्यावर उभं राहायचं, पुढचं मंडळ हलेपर्यंत थांबायचं, परत वाजवायचं. बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या असतात, तरी टिपरू धरलेल्या हाताची साल निघते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. ढोलाच्या रांगेतला एक जण कमी झाला तर रांग भरता येते. पथकप्रमुख भावनेच्या भरात काहीही म्हणोत, ढोलाला बदली माणूस असतो. ताशाचं तसं नाही. ताल ताशाच देतो, आवर्तन कधी बदलायचं ते ताशाच सांगतो, आणि तयार ताशेवाले मोजकेच असतात. पहिल्यांदाच ध्वज घेणारी मुलगी, टेम्पो आणि पाण्याची सोय बघणारा, गर्दीत दोरी धरून पथक सांभाळणारे, यांचीही बदली आयत्या वेळी मिळत नाही. तेव्हा "पथकात आहे" एवढ्यावर काही ठरत नाही. तुम्ही पथकात काय करता, ते बघा.

समोरासमोर ठेवलं तर

बदली माणूस: घरी भाऊ किंवा चुलत भाऊ गावात असेल तर मूर्ती आणायला हात आहेत. आईवडील दोघंच राहत असतील तर नाहीत. पथकात ढोलाला बदली आहे, ताशाला जवळजवळ नाही.

रजा: घरचा पर्याय सहा-सात दिवसांची रजा खातो. पथकाचा पर्याय मिरवणुकीचा दिवस आणि नंतरची झोप, एवढ्यावर भागतो, पण त्याआधी दोन महिन्यांच्या संध्याकाळी घेतो. नुसती रजा मोजली तर पथक स्वस्त वाटतं. ती तुलना पुरी नाही.

पुढचं वर्ष: मित्र पुढच्या वर्षीही वाजवणार आहेत, तुम्हीही. आईवडील पुढच्या वर्षीही असतील, असंच आपण धरून चालतो. पण वडिलांचे गुडघे, आईचं ब्लडप्रेशर, घरातल्या थोरल्या माणसाची तब्येत यांचा विचार केला की काही वर्षांना घरचं पारडं आपोआप जड होतं. नव्या सुनेचा पहिला ओवसा (गौरीपुढे सूप ओवाळायचा विधी) असेल, घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, तर प्रश्नच नको, घरी जा.

बोलून न दाखवलेलं: मित्र चिडतात, दोन दिवस बोलत नाहीत, मग चहाला बोलावतात. आई म्हणते, "काम आसात तर ऱ्हव दे," आणि विषय संपवते. याचा अर्थ ती राजी झाली असा घेऊ नका. शेजारच्या घरातले मुंबईकर येऊन गेल्यावर तिला काय वाटतं ते ती सांगणार नाही.

लग्न झालेल्या मुलींची गोष्ट वेगळी आहे. पथकात आज मुली भरपूर आहेत, आणि लग्नानंतर त्यांच्यापुढे सासरच्या गौरी, माहेरचा गणपती आणि पथक अशा तीन बाजू असतात. नवऱ्याला ढोल वाजवायला सुट्टी आणि बायकोने मात्र गौरीचा स्वयंपाक सोडून यायचं नाही, हे बरोबर नाही. दोघांनी एक वर्षाआड ठरवून घेतलेलं मी पाहिलं आहे आणि ते चांगलं चालतं.

प्रवास

यावरच पुष्कळ योजना फसतात. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे ऑगस्टच्या शेवटी चतुर्थी असेल तर जूनच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी ८ वाजता बसावंच लागतं. गणपतीच्या दिवसांची तिकिटं काही मिनिटांत प्रतीक्षा यादीवर जातात. परतीचं तिकीट त्याच्या त्याच्या दिवशी काढायला विसरू नका. जाताना सगळी वाडी धडपडते आणि परतीला माणूस अडकतो.

पुण्याहून गाडीने जाणाऱ्यांना ताम्हिणीतून माणगाव, कुंभार्ली घाटातून चिपळूण, आंबा घाटातून साखरपा, गगनबावड्याकडून वैभववाडी किंवा आंबोलीतून सावंतवाडी असे रस्ते आहेत. सगळेच घाट, सगळेच पावसात, आणि दरड आली की तासन्‌तास खोळंबा. म्हणून चतुर्थीला सकाळी पूजा करून दुपारी निघायचं आणि रात्री पुण्यात वाजवायचं, असला बेत करू नका. रात्री घाटात झोपेत गाडी चालवण्याएवढं कुठलंच वादन मोठं नाही, आणि घरच्यांच्या वाट्यालाही तुम्ही चार तासच येता.

माझं मत

गणपती गौरीबरोबर किंवा त्याआधी जाणारा असेल तर चतुर्थी घरी आणि अनंत चतुर्दशी पथकात. चतुर्थीच्या वादनाला नाही म्हणायचं, ताशा वाजवत असाल तरी. त्या दिवसासाठी दुसरा ताशेवाला तयार करायला पथकाला दोन महिने मिळतात.

अकरा दिवसांचा गणपती आणि पाळी आपली असेल तर त्या वर्षी पथकात वाजवायचं नाही. सरावाला मात्र जायचं, नव्या मुलांना शिकवायचं, ढोल ताणायला बसायचं. मैत्री टिकायला ते पुरतं.

अकरा दिवसांचा गणपती आहे पण पाळी काकांची, आणि आईवडील हिंडतेफिरते आहेत, तर सुरुवातीचे दोन-तीन दिवस जाऊन या आणि विसर्जनाला पुण्यात वाजवा. यात अपराधी वाटून घेऊ नका. आईवडिलांना मिरवणुकीच्या दिवशी पुण्यात बोलवता येत नसेल तर दिवाळीत चार दिवस जास्त राहा, आणि ते आताच सांगून ठेवा.

आईवडील दोघंच असतील आणि मूर्ती आणायला दुसरं कुणी नसेल, तर पाळी, ताशा, हजेरी काहीही असो, चतुर्थीला घरी.

सांगायचं कसं

घरी सांगताना तारखा सांगा. "बघतो, जमलं तर येतो" ऐकलं की आई खोली झाडून ठेवते आणि वाट बघत बसते. "आई, मी चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी पोचतो, गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी निघतो, शनिवारी पुण्यात वाजवायचं आहे," असं एका दमात सांगितलं तर ती थोडी गप्प होईल, मग मूर्ती किती वाजता आणायची ते विचारेल. वडिलांना वेगळा फोन करा. आईकडून निरोप गेला की त्यांना तो निर्णय वाटत नाही, सबब वाटते.

पथकात सरावाच्या पहिल्याच दिवशी प्रमुखाला बाजूला घेऊन सांगा. "दादा, प्रतिष्ठापनेला मी नाही, विसर्जनाला नक्की आहे. माझा ताशा कुणाला द्यायचा ते आत्ताच ठरवू, त्याला मी शिकवतो." ग्रुपवर टाकू नका, तिथे लगेच दहा जणांची मतं येतात. आणि ज्याला शिकवायचं कबूल केलं त्याला दुसऱ्या दिवसापासून अर्धा तास लवकर बोलवा.