बसते म्हणून केबल न लावणारं दुकान

इंदूरमध्ये हार्ड डिस्क कुठून घ्यायची हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये चार दुकानं फिरा, भावात शे-दोनशेचा फरक निघेल. ऑनलाइनही तेच. पण ती कुणाकडून बसवून घ्यायची, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: हे दुकान.

मी रामबागेत घरी गाणं शिकवते आणि ओळखीच्या घरांतल्या जुन्या बैठकींच्या कॅसेट संगणकावर उतरवून ठेवते. 24 बिट, 96 किलोहर्ट्झ, स्टिरिओ असं रेकॉर्डिंग केलं की तासाला साधारण 2 जीबी जागा जाते. 90 मिनिटांची एक कॅसेट म्हणजे 3 जीबी. जुनी 1 टीबीची हार्ड डिस्क भरत आली होती, शिवाय मधूनच अडकायची. म्हणून विंडोजसाठी 1 टीबीची एनव्हीएमई एसएसडी (फिरती चकती नसलेली, पट्टीसारखी वेगवान डिस्क), रेकॉर्डिंगसाठी 4 टीबीची हार्ड डिस्क, आणि जुनी डिस्कही आत राहू द्यायची, असं ठरवून गेले.

काम काउंटरवर, आपल्या डोळ्यांसमोर होतं. आतल्या खोलीत नेत नाहीत. मालकांनी नव्या डिस्कचं खोकं बाजूला ठेवलं आणि आधी जुनी डिस्क तपासली. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ती पिवळी, म्हणजे धोक्याच्या इशाऱ्यावर, दिसत होती. ‘पेंडिंग सेक्टर’च्या ओळीत शून्य नव्हतं. म्हणजे काही जागा डिस्कला धड वाचता येत नव्हत्या. “ताई, विंडोज नंतर. आधी हिच्यातलं सगळं नव्या डिस्कवर उतरवू, तोवर हिला दुसरं काही काम द्यायचं नाही,” असं म्हणून त्यांनी कॉपी लावली. दुपार त्यातच गेली, पण कुणी घाई केली नाही. माझ्या लेखी अर्धं काम इथेच झालं. त्या कॅसेटींपैकी काही आता वाजण्याच्या अवस्थेत नाहीत; डिस्कवर आहे तेवढंच उरलेलं आहे.

आता केबलचं. माझा एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा, मॉड्युलर आहे, म्हणजे लागतील तेवढ्याच केबल मागून खोचायच्या. माझ्याकडची साटा पॉवरची (हार्ड डिस्कला वीज देणारी) केबल नव्या डिस्कपर्यंत पोहोचत नव्हती. हाताखालच्या मुलाने खणातून दुसऱ्या कंपनीची केबल काढली. ती एसएमपीएसच्या बाजूला अगदी बरोबर बसत होती. मालकांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि मल्टीमीटर काढून आम्हा दोघांना दाखवलं. डिस्कच्या बाजूचं 15 पिनांचं टोक सगळ्या कंपन्यांचं सारखंच असतं, पण एसएमपीएसच्या बाजूला कुठल्या पिनवर 12 व्होल्ट, कुठल्या पिनवर 5 व्होल्ट, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असू शकतो. जुन्या केबलींत पिवळी वायर 12 ची, लाल 5 ची, असं रंगावरून कळायचं; आता सगळ्याच वायरी काळ्या. चुकीची केबल लागली की 5 व्होल्टच्या जागी 12 जातात आणि बटण दाबताच डिस्कचं सर्किट जळतं. माझ्या एका विद्यार्थिनीची डिस्क दुसरीकडे नेमकी अशीच गेली होती आणि तिला “डिस्कच खराब होती” असं सांगून परत पाठवलं होतं. म्हणून ही पाच मिनिटं मला फार मोलाची वाटली.

शेवटी माझ्याच एसएमपीएसच्या चार पिनांच्या मोलेक्स केबलला साटाचा जोड (अ‍ॅडॉप्टर) लावून डिस्कला वीज दिली. त्यातही निवड होती. एकसंध प्लास्टिक ओतून बनवलेला स्वस्त जोड त्यांनी बाजूला सारला. त्याच्या आत वायरी फार जवळ असतात आणि कालांतराने शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतात. प्रत्येक वायर वेगळ्या खाचेत दाबून बसवलेला जोड लावला. जास्तीचे पैसे किरकोळ होते.

एसएसडीचं काम लवकर उरकलं. एसएसडीची पट्टी मदरबोर्डवरच्या एम.2 नावाच्या खाचेत बसते; तिचं दुसरं टोक ज्यावर टेकतं तो पितळी स्टँडऑफ (छोटा खुंट) माझ्या बोर्डवर नव्हताच. त्यांच्या डबीत होता. तो नसता आणि स्क्रू थेट आवळला असता तर पट्टी वाकली असती. बोर्डचं मॅन्युअल उघडून त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: एम.2 भरलं की माझ्या बोर्डवर हार्ड डिस्क जोडायची साटाची 5 आणि 6 नंबरची पोर्ट बंद होतात. जुनी डिस्क 5 वर होती. ती 2 वर गेली. हे माहीत नसतं तर ‘नवीन लावल्यावर जुनी मेली’ असंच मी समजले असते.

विंडोज टाकताना एसएसडी सोडून बाकी सगळ्यांच्या केबल काढल्या. जुनी डिस्क जोडलेली राहिली तर बूटचा, म्हणजे संगणक सुरू करणारा, भाग तिच्यावरच जाऊन बसू शकतो आणि पुढे ती काढली की संगणक सुरूच होत नाही. नंतर 4 टीबीची डिस्क परत जोडली. डिस्कवरच्या जागेची आखणी ठेवायच्या दोन पद्धतींपैकी जीपीटी त्यांनी तिला कॉपीच्या आधीच दिली होती, कारण जुन्या एमबीआर पद्धतीत 2 टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. विंडोज ती 3.63 टीबी दाखवतं. हिशोबाच्या पद्धतीतला फरक आहे, फसवणूक नाही.

एक तक्रार आहे. दुकानातल्या त्या मुलाने हार्ड डिस्क दोनच स्क्रूंवर बसवली होती. डिस्कचा वेग 7200 आरपीएम (मिनिटाला 7200 फेरे), म्हणजे सेकंदाला 120 फेरे, आणि 120 हर्ट्झचा सूर पेटीवरच्या काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये पडतो. पत्रा थरथरला की तो बेसूर घूं माझ्या माइकमध्ये येतो. सांगितल्यावर चारही स्क्रू लागले, खाली रबरी वॉशरही लागले, आणि घूं रेकॉर्डिंगमधून गेला. पण सांगावं लागलं. गाण्याचं किंवा आवाजाचं काम करणाऱ्यांनी उभं राहून बघावं.

फिटिंगचे 400 रुपये घेतले, विंडोजचं काम धरून. मला ते कमीच वाटले. आणखी एक 4 टीबीची डिस्क याच कॅबिनेटमध्ये दुसऱ्या प्रतीसाठी बसवून द्या म्हटलं, तर नाही म्हणाले. एसएमपीएस बिघडला किंवा वीज कोसळली तर दोन्ही प्रती एकदम जातील. दुसरी प्रत यूएसबी डिस्कवर घ्या आणि काढून कपाटात ठेवा, हा त्यांचा सल्ला. तशी डिस्क पुढच्या महिन्यात त्यांच्याकडूनच घेणार आहे.

बिलावर सीरियल नंबर ते आपणहून लिहीत नाहीत, मागितला तर लगेच लिहून देतात. वॉरंटीला तोच लागतो, तेव्हा काउंटर सोडण्याआधी डिस्कवरच्या लेबलाशी ताडून घ्या.