पियानो ट्यूनिंगच्या क्लासमध्ये ७४,७०० गेले, नाशिककरांनो तुमचे वाचवा

"एवढा जाणकार माणूस फसला कसा" हे घरी रोज ऐकतोय, इथे परत नको. मी कॉलेजपासून पेट्या (हार्मोनियम) दुरुस्त करतो, रीड म्हणजे आतली धातूची जीभ टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, हे मला झोपेतही जमतं. म्हणजे कानाचा कच्चा नाही मी. पियानोवाले ओळखीचे लोक ट्यूनिंगला मुंबईहून माणूस बोलावतात, म्हटलं हेच शिकलो तर चार पैसे मिळतील. यात काय चुकलं सांगा.

गंगापूर रोडला एका फ्लॅटच्या हॉलमध्ये जुना उभा पियानो, भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. तीन महिन्यांचा 'स्टेबल ट्यूनिंग आणि मेंटेनन्स' कोर्स, नंतर मुंबई-गोव्याची कामं मिळवून देणार. फी ३८,५००. टूलकिट १४,२००. सरावाला घरी पियानो देणार म्हणून 'परत मिळणारं' डिपॉझिट २२,०००. सगळं यूपीआयने, दरवेळी वेगळ्या नंबरवर. पावती मागितली की "सर, व्हॉट्सॲप केलंय की". (पक्की पावती नाही तर पैसे नाहीत, कोणी कितीही गोड बोलू दे.)

आता ती गोष्ट जी आठवली की डोकं फिरतं. मधल्या सप्तकात एका पट्टीला तीन तारा असतात. बाजूच्या दोघींना पाचर लावून गप्प करायचं, एक तार आधी मिळवायची, मग बाकीच्या एकेक तिच्याशी. या बहाद्दराने पाचर-बिचर काही लावली नाही, तिन्ही तारा एकदम वाजवत तार ताणणारी खुंटी फिरवली, मोबाईलच्या ॲपवर ४४० ला हिरवा दिवा लागला, "झालं". आणि पट्टी दाबली ती अशी, की शेजारी झोपलेलं बाळ उठेल म्हणून जपतोय. दुसऱ्या दिवशी तोच सूर वांव-वांव करत होता. मी विचारलं, विचारलं बरं का, तर म्हणे "नाशिकची हवा, सर". पावसाळ्यात साऊंडबोर्डचं (तारांचा आवाज मोठा करणाऱ्या फळीचं) लाकूड फुगून सूर चढतो हे खरं आहे, म्हणून मला पटलं. पण अरे, हवेने एका रात्रीत एकच पट्टी बिघडते का?

नंतर मुंबईच्या एका खऱ्या ट्यूनरने दहा मिनिटांत समजावलं. खुंटी लाकडात फिरायच्या आधी स्वतःच पिळली जाते, तो पीळ तसाच ठेवला तर ती हळूच मागे येते. तारेचा ताणही सगळीकडे सारखा झालेला नसतो, म्हणून मिळवताना पट्टी दणादणा वाजवायची, सूर किंचित वर नेऊन खाली बसवायचा. सव्वादोनशेच्या आसपास तारा, सगळ्यांचा मिळून १५-२० टन ताण, तो काय ॲपच्या दिव्याने थांबतो? करकरणाऱ्या खुंट्यांवर आमचे 'सर' गंज काढायचा तेलकट स्प्रे मारायचे हे ऐकून त्याने कपाळाला हात लावला, तेल लाकडात मुरलं की खुंटी धरतच नाही. आणि १४,२०० च्या किटमधला पाना? चौकोनी तोंडाचा साधा टी-पाना, खुंटीची डोकी खाणारा. खऱ्या लिव्हरचं (ट्यूनिंगच्या पान्याचं) तोंड चांदणीसारखं असतं, विकत घेण्याआधी बघा.

एक दिवस फ्लॅटला कुलूप, फोन बंद, पियानोही गायब.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे तुम्ही स्वतः क्लासला जात होता, पोलीस ठाण्यात जा. ठाण्यात दीड तास बसवून "हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा", वर एक साहेब हसत "पियानो म्हणजे कॅसिओच ना?" बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि पत्ता शोधायचा कोणी, मी? घरमालकाने भाडेकरूची पोलिसांत नोंदच केली नव्हती, त्याला कोणी एक शब्द विचारला नाही, मला मात्र आधार, पॅन, स्टेटमेंट, परत आधार. शेवटी वकील मित्राने सांगितलं, बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम ३१८, म्हणजे फसवणूक, याखाली लेखी अर्ज द्या, घेतला नाही तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना पोस्टाने पाठवा. पाठवलाय. पोच आली, उत्तर नाही.

कोणी असा क्लास काढला तर आधी त्याच्याकडून एक सूर मिळवून घ्या, दणकून वाजवा, दुसऱ्या दिवशी जाऊन परत ऐका, मगच खिशात हात घाला. आमच्या बॅचमधले बाकीचे लाजेने गप्प आहेत, त्यांनी यूपीआयचे स्क्रीनशॉट तरी पाठवा, एकट्याच्या अर्जाला कोणी विचारत नाही.